नाव घेणारे अण्णा

परवा आमच्या नाक्यावर एका पुढाऱ्याची सभा होती. भाजीची पिशवी घेऊन मी पाच मिनिटं उभी राहिले. बाहेरगावाहून पोट भरायला आलेली सात-आठ माणसं त्याने पुढच्या रांगेत बसवली होती आणि त्यांच्याकडे हात करून तो सांगत होता, "ही माणसं माझ्या संरक्षणाखाली आहेत, यांना कोणी त्रास दिला तर मला येऊन भेटायचं." लोक टाळ्या वाजवत होते. पुढारी चांगलंच बोलत होता, मी कशाला खोटं सांगू? पण ती पुढच्या रांगेतली माणसं माना खाली घालून बसली होती. त्यातल्या एकाने तर रुमालाने तोंड पुसायचं निमित्त करून चेहराच झाकला. मला तिथे उभं राहवेना. घरी आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि अण्णा परबांवर पुन्हा एकदा चिडले.

अण्णांना जाऊन किती वर्षं झाली. आमचे हे म्हणायचे, "गेलेल्या माणसावर कसला राग धरतेस?" पण अण्णांवर मी रागावते ती घरच्या माणसावर रागवावं तशी. त्यांच्याएवढं निर्मळ मनाचं माणूस मी लालबाग-परळात दुसरं पाहिलं नाही, आणि त्याच माणसाच्या हातून एका कुटुंबाचं वाटोळं झालं. या दोन गोष्टी एका जागी कशा बसवायच्या ते मला अजून कळलेलं नाही.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा अण्णा आमच्या शेजारच्या खोलीत राहत होते. ते आणि सुमतीवहिनी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. अण्णा पूर्वी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. एका संपात पुढे होते म्हणून कामावरून काढलं, तेव्हापासून कामगारांचंच काम. अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि आवाज असा की एवढ्याशा छातीतून निघतो कुठून असं वाटावं. सकाळी राखुंडीने दात घासत ते गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि प्रत्येक दारात थांबून नाव घेऊन हाक मारायचे. नुसतं "काय हो" म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी दारात उभे. "काय मालतीताई, झोप लागली का? गिरणीच्या भोंग्याने दचकला असाल." माझं सासरचं नाव मालती ठेवलं हे मलाच अजून अंगवळणी पडलेलं नव्हतं.

माणसांची नावं हे अण्णांचं वेड. चाळीतल्या तान्ह्या पोरांची, त्यांच्या गावाकडच्या आज्यांची, सगळी तोंडपाठ. नळावर भांडण लागलं की बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत असायच्या. अण्णा खाली उतरायचे, मध्ये उभे राहायचे आणि एकेकीचं नाव घ्यायचे, बस. "सरस्वती. पार्वती. अगो इंदिरा, तूसुद्धा?" एवढ्यावर बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. "माणसाचं नाव घेतलं की तो गर्दीतून बाहेर येऊन आपल्या पायांवर उभा राहतो," असं ते म्हणायचे. गर्दीशी बोलायचंच नाही, गर्दीतल्या माणसाशी बोलायचं, हा त्यांचा धडा.

सभेतही तसंच. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. आज काळाचौकीला सभा, उद्या परळला, परवा दादरला, आणि मोठे वक्ते येईपर्यंत लोकांना धरून ठेवायचं काम अण्णांकडे. ध्वनिक्षेपकावर दोन बोटांनी टकटक करायचे, समोर नजर टाकायचे आणि सुरू. "ते बघा, भिकाजी तांबे बसलेत. पाळी संपवून घरीसुद्धा गेले नाहीत, जेवणाचा डबा मांडीवर आहे." सगळ्या माना भिकाजीकडे. भिकाजी लाजून लाल. एकदा गोळीबारात गेलेल्या एका हमालाचं नाव त्यांनी घेतलं. त्याची बायको मागे उभी होती, आमच्याच चाळीतली. ती पुढे महिनाभर सांगत होती, "माझ्या घोवाचा नाव कण्यार झाला." कणा म्हणजे तिच्या भाषेत लाउडस्पीकर. गेलेला माणूस परत येत नाही हे तिलाही कळत होतं, पण तेवढ्या नावावर ती बाई तग धरून राहिली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी अण्णांच्या त्या सवयीला सरसकट वाईट म्हणू शकत नाही.

लोक सभेत चुळबुळ करायला लागले, विषय जड झाला, की अण्णा नाव काढायचे. सुताराचा हात आपोआप पटाशीकडे जावा तशी त्यांची जीभ नावाकडे जायची.

आता वालजीचं सांगते. चाळीच्या खालच्या अंगाला वालजीची पिठाची चक्की होती. वालजीचा बाप काठेवाडातून दुष्काळात मुंबईला आलेला. वालजी मात्र लालबागलाच जन्मला, लालबागच्याच पोरांत वाढला, आणि बोलायचा ती चोख मालवणी. त्याची बायको कंकूबेन तेवढी गुजराती ढंगाने साडी नेसायची. वालजी सदा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवयासुद्धा पिठाच्या. गणपतीच्या आदल्या दिवशी तो चक्की धुऊन-पुसून, आंघोळ करून, अनवाणी उभा राहायचा आणि त्या दिवशी मोदकांच्या तांदळाशिवाय दुसरं काही दळायचा नाही. बायका रांगेत उभ्या राहून त्याला चिडवायच्या, "वालजी, तुझी पिठी जाडी झाली तर मोदक फुटतील, मग गणपती तुझ्याकडे बघेल." तो म्हणायचा, "गणपती माझ्याकडेच जेवता. तुमच्याकडे नुसतो बसता." तो काठेवाडी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोणाच्या ध्यानात नव्हतं.

ते ध्यानात यायचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं म्हणणाऱ्यांत बडे शेटजी होते, त्यांच्यावर लोकांचा राग होता आणि तो रास्तच होता. पण शेटजी राहायचे दूर, बंगल्यात. राग फिरत फिरत खाली आला आणि ज्यांचा शेटजींशी काडीचा संबंध नाही अशा गरीब गुजराती माणसांच्या दारात जाऊन उभा राहिला. एके ठिकाणी दुकानाची फळी फोडली, दुसरीकडे एका म्हाताऱ्याची टोपी उडवली. अण्णांना अन्न गोड लागेना. ते म्हणाले, "हे थांबवायला पाहिजे, आणि आपल्याच व्यासपीठावरून थांबवायला पाहिजे. बाहेरून आलेल्या गरिबाला अभय नसेल तर हे राज्य मिळवून करायचं काय?"

बरोबरच्या लोकांनी समजावलं. तिसऱ्या मजल्यावरचे दाजी पेडणेकर चळवळीतलेच, अण्णांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "अण्णा, तुला महापालिकेच्या निवडणुकीला उभं करायचं चाललंय. हा विषय आता काढू नकोस. गुपचूप जे करायचं ते कर." अण्णा म्हणाले, "गुपचूप केलेल्या गोष्टीला मी काय किंमत देऊ?" हे वाक्य मी माझ्या कानाने ऐकलं, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

सभेच्या दिवशी दुपारी वालजी स्वतः अण्णांकडे आला. अण्णा आज याच विषयावर बोलणार हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. दाराबाहेरच उभा राहिला, पीठ सांडेल म्हणून आत येईना.

"अण्णानू, आज सभेत माझा नाव घेव नकात हां."

"कित्याक रे? भियालंस?"

"मी खयचो ता लोक इसारले हत. इसारलेलेच बरे."

अण्णा हसले. "बरा. नाय घेवचंय."

सुमतीवहिनी आणि मी दोघीही तिथेच होतो, सुपात तांदूळ निवडत. अण्णांनी शब्द दिला तेव्हा तो मनापासून दिला होता.

संध्याकाळची सभा तुडुंब होती. अण्णा उभे राहिले आणि बाहेरून आलेल्यांच्या रक्षणाबद्दल बोलू लागले. न्याय म्हणाले, माणुसकी म्हणाले, घटना म्हणाले. लोक थंड. मागून कोणीतरी ओरडलं, "मुद्द्यावर या." दोघेतिघे उठून चालायला लागले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. अण्णांचा चेहरा मला दिसत होता आणि मला कळलं की आता ते नाव घेणार.

"तुमच्या मोदकांची पिठी कोण दळतो?" अण्णा म्हणाले. चालू लागलेले थांबले. "वालजी दळतो. आपल्या चाळीखालचा वालजी. कुठला आहे वालजी? काठेवाडचा. तो परका असेल तर तीस वर्षं माझ्या पोटात गेलेलं पीठ परकं. काढा ते आधी. आणि सांगून ठेवतो, वालजीच्या केसाला धक्का लागला तर गाठ अण्णा परबाशी आहे."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काय सांगू. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी कंकूबेन बसली होती. तिने दोन्ही हातांनी पदर पुढे ओढला आणि तो तोंडावर धरून ठेवला. सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या, कौतुकानेच हो, पण बघत होत्या.

घरी आल्यावर वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच विचारलं, "त्याला शब्द दिला होतात ना?" अण्णा म्हणाले, "अगं, सभा हातातून जात होती." वहिनी तांब्या उचलून आत गेल्या. अण्णा रात्रभर खुशीत होते.

पहिले दोन-चार दिवस चक्कीवर गर्दी वाढली. मग ओसरायला लागली. कोणी वालजीशी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. पण आता चक्कीवर जाणं ही साधी गोष्ट राहिली नाही. डबा घेऊन उतरलेल्या बाईला नाक्यावरची पोरं विचारायची, "काय मावशी, अण्णांच्या माणसाकडे का?" दुसऱ्या गल्लीतून आलेले अनोळखी लोक समोर उभे राहून बोट दाखवायचे, हीच ती काठेवाड्याची चक्की. पूर्वी तिला कोणी काठेवाड्याची चक्की म्हणत नव्हतं. बायका कशाला कटकट म्हणून दोन गल्ल्या ओलांडून दुसरीकडे दळायला जाऊ लागल्या. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे. घरात चार पोरं आणि बाहेर दगडफेक, अशा वेळी बाई डबा उचलून कुठल्या बाजूला वळते ते तिच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तिकडे गिरगावात मात्र अण्णांचं नाव झालं. तिथल्या काही सुशिक्षित मंडळींनी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला आणि निरोप धाडला, वालजींनाही घेऊन या. अण्णा मोठ्या आनंदाने त्याला घेऊन गेले. आम्हीही गेलो होतो. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पीठ नसलेला वालजी मी पहिल्यांदा पाहिला; ओळखूच येईना. व्यासपीठावर त्याला मधली खुर्ची दिली होती. एका वकीलसाहेबांनी त्याला हार घातला आणि भाषणात म्हणाले, "हे आपल्या सहिष्णुतेचं प्रतीक." वालजी देवाला सोडलेल्या बोकडासारखा समोर बघत बसला होता. परतताना ट्राममध्ये अण्णा विचारत होते, "बरा वाटला मा?" वालजीने खिडकीबाहेर बघत मान हलवली.

त्याच आठवड्यात चक्कीचा पट्टा कापला. मोटर आणि जातं यांना जोडणारा तो चामड्याचा रुंद पट्टा असतो, त्याच्यावर सगळी चक्की चालते. दुपारी वालजी जेवायला गेला तेवढ्यात कोणी आत शिरलं आणि सरळ, एका रेघेत, पट्टा कापून गेलं. दुसऱ्या कशाला हात लावला नाही. बाहेरचा असता तर त्याने दगड मारला असता, काच फोडली असती. वालजी किती वाजता जेवायला जातो, मागची कडी कशी सरकते, हे चाळीतल्याच कोणाला तरी माहीत होतं.

अण्णा वेडेपिसे झाले. चौकात उभे राहून त्यांनी वर बघत एकेक नाव घेतलं, एकेका मजल्यावरचं. "कोणी केलं ते पुढे या." नाव घेतलेला माणूस कठड्यापाशी येऊन उभा राहायचा आणि गप्प. नावानिशी हाक मारूनही कोणी काही बोललं नाही, असं त्या चाळीत पहिल्यांदा घडलं. दाजी खाली आले आणि अण्णांचा दंड धरून म्हणाले, "चल घरी. तू जेवढा ओरडशील तेवढं त्याला जड जाईल. अजून कळत नाही तुला?"

नवा पट्टा बसला. गिऱ्हाईक आलं नाही. मग अण्णांनी स्वतः डबा उचलला. रोज सकाळी नाक्यावरून सगळ्यांना दिसेल असा, डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन ते चक्कीवर जायचे. गहू संपले की ज्वारी, ज्वारी संपली की नाचणी. माझ्या घरातलं न्यायचे, दाजींच्या घरातलं न्यायचे. त्यांच्या खोलीत पातेल्यांत पीठ, पिंपात पीठ, पलंगाखाली परातीत पीठ. वहिनी एकदा माझ्याकडे येऊन रडल्या. "मालती, त्या पिठाला अळ्या पडायला लागल्यात गं. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? आणि टाकू म्हटलं तर अंगावर येतात." लोक हसायचे, अण्णांचा तमाशा म्हणायचे. मला हसू येत नव्हतं. बुडणाऱ्या माणसाने पाण्यावर हात मारावेत तसं ते चाललं होतं.

त्या दिवसांत आमच्या गॅलरीत एकच वाद चालायचा. कोणी म्हणे, अण्णांनी निवडणुकीसाठी केलं. हे साफ खोटं. त्या वेळी परप्रांतीयांची बाजू घेऊन मतं जात होती, मिळत नव्हती. पुढे अण्णांना उभं केलंच नाही. कोणी म्हणे, हेतू शुद्ध होता, मग झालं. मला तेही पटत नव्हतं. मी एकदा अण्णांना तोंडावर विचारलं, "अण्णा, तुम्ही बोलला नसतात तर?"

"तर दगड मारणाऱ्यांना वाटलं असतं की आम्ही सगळे त्यांच्या बाजूचे. गप्प बसणं हेही पापच आहे, मालतीताई."

"मग बोलायचं होतं. त्याचं नाव कशाला?"

अण्णांनी बाह्या पुन्हा दुमडल्या. "टाळ्या हव्या होत्या," ते म्हणाले. "लोकांना पटावं म्हणून हव्या होत्या, स्वतःसाठी नव्हे, असं मी मनाला सांगतो. पण हव्या होत्या." असं कबूल करणारा पुढारी मी नंतर पाहिला नाही.

एका दुपारी मी वहिनींकडे बसले होते तेव्हा वालजी येऊन म्हणाला की चक्की बंद करतो, बायकापोरांना घेऊन काठेवाडला जातो. तिथे बापाचं गाव होतं, जे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी चक्क हात जोडले.

"वालजी, जाव नको. तू गेलंस तर माझा सगळा बोलणा खोटा ठरतला."

"मगे मी तुमच्या बोलण्यासाठी ऱ्हवू काय?"

मनाला लागावं म्हणून तो म्हणाला नाही, त्याने साधं विचारलं. अण्णांचे जोडलेले हात खाली आले. वालजीच म्हणाला, "तुमी वायट नाय, अण्णानू. ह्या मीया काठेवाडातसुद्धा सांगान. पण मी तुमका आधीच सांगलेलंय." आणि म्हणाला, "एक करा. उद्या खाली येव नकात. तुमी इलात की लोक जमतले, तुमी बोलतलात. माका गुपचूप जाऊक व्हया."

अण्णा म्हणाले, "नाय येवचंय." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं अण्णा आमच्या शेजारी राहिले. राज्य झालं त्या दिवशी चाळीवर रोषणाई होती. ते गर्दीत मागे उभे होते, वर कोणी बोलावलं तरी गेले नाहीत. पण अण्णा म्हटलं की मला दिसते ती वालजी गेला ती सकाळ. मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते. खाली घोडागाडी उभी होती, सामान चढत होतं. अख्खी चाळ कठड्याला लागली होती. ज्या बायका दोन गल्ल्या ओलांडून दळायला जात होत्या त्याच आता डोळे पुसत होत्या. कोणी कंकूबेनच्या ओटीत नारळ घातला, कोणी पोरांच्या हातात लाडू दिले.

अण्णा आत होते. दार लोटलेलं. खिडकीखाली जमिनीवर बसून त्यांनी गजाला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि वहिनी मागून त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत पकडून बसल्या होत्या, लहान मुलाला धरावं तशा. खालून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अण्णा कुठे दिसत नाहीत ते? भाषणाला पुढे आणि निरोपाला मागे. पुढारी तो पुढारीच." पाचसहा जण हसले. ते स्पष्ट वर ऐकू आलं. अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते उठणार, कठड्याशी जाणार, सांगणार की मला त्यानेच येऊ नको म्हटलंय. वहिनींनी मूठ घट्ट केली.

अण्णांनी तोंड मिटलं. घोडागाडी निघाली. चाकांचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू येत होता, मग तोही गेला. मी विरजणाची वाटी हातात धरून तिथेच उभी होते. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "जा गं तू, नंतर ये."